दुप्पट मीठ

किमयेपरीस थोर विद्या या दुनियेत दुसरी नाही, आणि ती विद्या पंचक्रोशीत पहिल्यांदा आपल्याच घरात शिरली आहे, असं पंडितनं मारुतीच्या पारावर उभं राहून गावाला जाहीर केलं. जाहीर करून तो घरी आला, तर पाणी प्यायचा तांब्या आतून हिरवा झालेला.

हिरवा म्हणजे राघूसारखा हिरवा. गोजरबाईनं तो नवऱ्याच्या नाकाखाली धरला.

"ही बगा तुमची किमया. लेकानं ताक आन् मीठ घालून ठिवलंय ह्यात. का, तर म्हनं सराव करायलोय."

पंडितनं तांब्यात डोकावून बघितलं. सोनं व्हायच्या आधी तांबं हिरवं पडत असावं, असं त्याच्या मनात आलं. आंबा नाही का पिवळा व्हायच्या आधी हिरवा असतो? पण बायकोच्या तोंडाकडं बघता हे बोलून दाखवायची वेळ नव्हती. "चिंचंनं घास," एवढंच म्हणून तो बैलांकडं गेला.

नाव पंडित असलं तरी अक्षर आणि पंडित यांची कधी गाठ पडली नव्हती. पण कान शाबूत होते. पोरगा मुंजाजी परभणीच्या शाळेत मेट्रिकला होता आणि तिथं सगळं उर्दूत चाले. मुंजाजीनं एकदा सांगितलं होतं की शास्त्राचे दोन भाग, एक तबियात आणि दुसरा कीमिया. पंडितनं हिशेब लावला. तबियात म्हणजे तब्येत, म्हणजे वैदकी. कीमिया म्हणजे किमया, म्हणजे तांब्याचं सोनं. पुस्तकात ते पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. निजामाचं सरकार हैदराबादेत बसून आपल्या पोराला एका हातानं औषध आणि दुसऱ्या हातानं सोनं शिकवतंय म्हटल्यावर त्याला सरकारबद्दल जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

अडचण एवढीच की तब्येतीत मुंजाजी पास होई आणि सोन्यात नापास. दोनदा झाला होता. यंदा तिसरी खेप. या खेपेलाही गेला तर शाळेनं त्याचं नाव काढून टाकायचं ठरवलं होतं, आणि पंडितनं त्याला मोटेवर उभं करायचं. "तुझं नाव कटलं की दुसऱ्या दिशी नाडा तुझ्या हातात," असं तो पोराला मोठ्या आवाजात बजावी. बजावताना उजवा हात मात्र धोतराच्या सोग्यात घाली. त्या हाताची दोन बोटं मोटेच्या नाड्यात सापडून कायमची ताठली होती. भाकरीचा तुकडा मोडतानाही ती बाजूला उभी राहून बघत.

इम्तिहान, म्हणजे परीक्षा, फरवर्दीत होतं. फरवर्दी म्हणजे माघ की फाल्गुन, यावर पारावर पुष्कळ बोलणं झालं. शेवटी पंडितच म्हणाला, "ज्वारी वाळली की फरवर्दी." आणि ते खरंच निघालं. रानात टाळकी ज्वारी कडकडीत वाळली आणि इम्तिहानाची सुट्टी लागून मुंजाजी दोन सोबती घेऊन घरी आला.

एक गुरुपाद. ताडकळसच्या बाजारात बसवंतरावांचं किराणा दुकान होतं, त्यांचा हा मुलगा. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म आणि तळहात लोण्यासारखे. अख्खं पुस्तक त्याला पाठ होतं, पण त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. प्रश्न विचारला की डोळे मिटून तो उत्तर देई. प्रश्न कोणी विचारला, कशाला विचारला, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

दुसरा अब्दुल जब्बार. ताडकळसला महसुलात असलेल्या गिर्दावरसाहेबांचा मुलगा. शब्दाशब्दाचा अर्थ तो सांगे आणि झऱ्यासारखं उर्दू लिही. मात्र कशात काय मिसळलं की काय होतं, हे त्याच्या डोक्यात शिरत नसे.

मुंजाजीचं तिसरंच. काय मिसळलं की काय होतं हे त्याला हातांनी कळे, पण ते मराठीत कळे. लिहायला बसला की शब्द पळून जात.

म्हणजे तिघांचा मिळून एक विद्यार्थी होत होता. इम्तिहानात तिघांना वेगवेगळं बसवणार, हीच पंचाईत होती.

रानातल्या लिंबाखाली त्यांनी बैठक मांडली. गुरुपादनं दुकानातून पुड्या आणल्या होत्या. मोरचूद, नवसागर, तुरटी, पापडखार आणि कसलं कसलं. लेखी इम्तिहानासोबत हाताचंही इम्तिहान होतं. परीक्षक एक पुडी पुढं ठेवणार आणि पोरानं ती काय आहे ते ओळखून लिहायचं. म्हणून तिघं एकमेकांना पुड्या ओळखायला लावत होते. पुड्यांवर जब्बारनं सुरेख उर्दूत नावं लिहिली होती. ती मुंजाजीला वाचायला वेळ लागे आणि गुरुपाद वाचतच नसे.

तिकडं बाया ज्वारी उपटत होत्या. तानुबाई त्यांची मुकादमीण. तिची पात सगळ्यांच्या पुढं. दोन ताटं मुठीत धरायची, पिळा देऊन उपसायची आणि पायावर आपटून माती झाडायची. दाण दाण असा आवाज रानभर चाललेला. मुंजाजी मधूनमधून उठून पेंढ्या बांधायला जाई. पंडित या दोन्ही कामांच्या मधोमध उभा होता.

"तुर्शा और असास मिले, तो नमक और पानी बने," गुरुपाद डोळे मिटून घोकत होता.

पंडितला राहवलं नाही. "जब्बारमियाँ, हे असास म्हंजी कोन?"

"असास म्हणजे बुनियाद, चाचा. घर की रहती ना, वो."

"पाया?"

"हौ, पाया."

"आन् तुर्शा?"

"खट्टा. आंबट."

पंडितनं दोन्ही जोडून बघितलं. "म्हंजी पायात आंबट वतलं की मीठ हुतंय?"

जब्बारनं गुरुपादकडं बघितलं. गुरुपाद डोळे न उघडता म्हणाला, "आन् पानी."

"हौ, और पानी," जब्बार म्हणाला.

"कुनाच्या घराच्या पायात?"

"ते दिलं न्हाई काका. पुस्तकात एवढंच हाय."

पंडित मान हलवत बाजूला झाला. विद्या मोठी म्हटल्यावर ती कळू नये, हे त्याला रास्तच वाटलं.

गावची रीत अशी की काढणीला भाकरी बायांची आणि कालवण धन्याचं. जेवायच्या वेळेला गोजरबाई डोक्यावर वरणाचं भगुनं घेऊन आली, भगुनं उतरवलं आणि कपाळावर हात मारला. मीठ घरीच राहिलं होतं. ती माघारी निघाली तर पंडितनं हात केला. "थांब. एवढी तंगडतोड कशाला? पोरायपशी मिठाच्या पुड्याच हायत."

मुंजाजी तेव्हा बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर गेला होता. तो असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पंडित लिंबाखाली गेला. "पोरायनो, मीठ हाय का जरा?"

"पाँच किसम का है, चाचा," जब्बार म्हणाला. "कौनसा होना?"

"पांढरं असंल ते."

"पांढरे पन लय हायत," गुरुपाद म्हणाला.

"मग त्यातलं खरं मीठ कोनतं? चांगलं, कसदार?"

झालं. हा प्रश्न होता. गुरुपादचे डोळे आपोआप मिटले. "ये दोहरा नमक कहलाता है," तो म्हणाला आणि हात आपोआप एका पुडीकडं गेला.

"दोहरा म्हंजी?"

"डबल, चाचा," जब्बारनं अर्थ सांगितला. "दुप्पट."

"दुप्पट मीठ!" पंडित खूश झाला. "मग जरा हात राखूनच घालतो."

त्यानं हात राखूनच घातलं. मीठ विरघळलं, वरण ढवळलं. बाया ओळीनं बसल्या. तानुबाईनं भाकरी चुरली, वरण ओतलं, पहिला घास तोंडात घातला आणि तिचं तोंड मिटलं. मिटलं ते उघडेना. गाल आत गेले, ओठांचं गाठोडं झालं. शेजारणीचंही तेच. ओळीच्या ओळ तोंडं आवळून एकमेकींकडं बघत राहिली.

तानुबाई उठली, थुंकली आणि खळखळून चूळ भरली. "पंडिता! तोंडं शिवलीस व्हय रं आमची?"

पंडितनं बोट बुडवून चाटलं. त्याचंही तोंड आवळलं.

जब्बार धावत आला, चाखलं आणि ओरडला, "या अल्ला! फिटकरी! फिटकरी है ये!"

"तुरटी!" गोजरबाई किंचाळली.

"बाया जादा खात्यात म्हनून तुरटी घातलीस?" तानुबाई म्हणाली. "भाकर आमची, पानी आमचं, तुझं निसतं कालवन. तेबी गिळू नाई म्हनून ही तऱ्हा?"

"तानुमाय, आईच्यान, मीठच हाय ते," पंडित काकुळतीला आला. "पुस्तकात मीठच हाय. ह्या पोरायला इचार. उलट दुप्पट हाय!"

हे बोलायला नको होतं. तानुबाईनं वर बघितलं, खाली बघितलं, मग पदर खोचला. "न्हाव्यानं गालाला लावायचं ते आमच्या ताटात, आन् वर दुप्पट! चला गं."

सगळ्या बाया उठल्या. शेजारच्या किशनरावाचीही ज्वारी उभी होती आणि त्याला माणसं मिळत नव्हती. किशनराव आपल्या बांधावर उभा राहून हे सगळं बघत होता. "या माय," तो नुसतं एवढंच म्हणाला, "आमच्याकडं साधंच मीठ हाय." पंडित बांधापर्यंत हात जोडत मागं गेला. एकीनंही वळून बघितलं नाही. परत येताना त्याला आपले जोडलेले हात सोडायचं सुचलं नाही, आणि ताठलेली दोन बोटं त्या नमस्कारातून बाहेर डोकावत राहिली.

संध्याकाळी मावळतीला ढग दिसले. भिजली तर ज्वारी काळी पडणार, हे पोरासोरांनाही ठाऊक. पंडित गावात घरोघर फिरला, पण तानुबाईची गोष्ट त्याच्या आधी घरोघर फिरून आली होती. "आमची तोंडं हायत तशीच बरी हायत दादा," असं लोक हसून सांगत.

दुसऱ्या दिवशी उजाडता मुंजाजीनं पात धरली.

"तू पुस्तक धर," पंडित म्हणाला. "इम्तिहान चार रोजावर आलंय."

"आन् ज्वारी?"

"ज्वारीचं मी बगतो."

"एकल्यानं?"

तेवढ्यात गुरुपाद येऊन पलीकडच्या पातीला उभा राहिला. "पुडी म्या दिली," तो म्हणाला. आणि जब्बार हाताला रुमाल गुंडाळत आला. "डबल का माने तो मैंनेच बताया था."

असा तो अभ्यास सुरू झाला. ढग चढत होते आणि पाचजणं वाकून ज्वारी उपटत होती. गुरुपादला पिळा जमेना. तो ताट सरळ ओढी, ताट निघालं की मागं पडे, पुन्हा उठे. जब्बारच्या शेरवानीच्या बाहीत कूस शिरलं आणि तो दिवसभर खाजवत राहिला. मान काळवंडली, पोटऱ्यांना धसकटं ओरबाडली. पोरांचा अभ्यास बुडतोय या काळजीनं पंडितनं प्रश्न विचारायचं काम स्वतःकडं घेतलं.

"पायात आंबट वतलं?"

"नमक और पानी!" तिन्ही पातींतून आवाज येई.

"तांब्यात ताक ठिवलं?"

"मोरचुदाचा भाऊबंद!" हे मुंजाजी.

"उर्दूत सांग!" हे जब्बार.

मग मुंजाजी अडे, गुरुपाद डोळे मिटून शब्द सांगे, आणि डोळे मिटल्यामुळं शेजारच्या पातीत शिरे. पंडितचे प्रश्न सगळे चुकीचे होते आणि उत्तरं सगळी बरोबर येत होती, की उलट होतं, हे गोजरबाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

ज्वारी उपटून, बांधून, झाकून झाली. सगळे आभाळाकडं बघत उभे राहिले. ढगांनी जरा विचार केला आणि ते गंगाखेडच्या बाजूला निघून गेले. एक थेंब पडला नाही. किशनरावाची अर्धी ज्वारी उभीच होती आणि उन्हात छान चमकत होती.

गुरुपाद हात धुवायला गेला आणि पाणी लागताच "अप्पाऽ" म्हणून खाली बसला. त्याचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते. फोड फुटून कातडी लोंबत होती. गोजरबाईनं हळद-तेल लावून चिंध्या बांधल्या. पंडित त्या हाताकडं बघत राहिला, मग स्वतःच्या हाताकडं. मग नेहमीसारखा त्यानं तो सोग्यात घातला.

इम्तिहानाला त्यानं गाडी जुंपली. गुरुपाद चिंध्यांचे हात मांडीवर ठेवून घोकत होता, जब्बार झोपला होता. मुंजाजी बापाशेजारी येऊन बसला.

"दादा, एक सांगू?"

"सांग की."

"तांब्याचं सोनं न्हाई होत."

बैल चालत राहिले. पंडित म्हणाला, "मग काय हुतंय?"

"हिरवं हुतंय."

"ते तर झालंच की." पंडितनं उगाच बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "मग हे शिकायलास कामून?"

मुंजाजी खाली बघत म्हणाला, "मोटंवर उबं ऱ्हायचं न्हाई म्हनून."

पंडितनं कासरा डाव्या हातात घेतला. उजवा हात त्यानं झाकला नाही. तो पोरासमोर तसाच धरला आणि म्हणाला, "लेका, मलाबी तुला उबं करायचं न्हाई. पन दुसरी धमकी येतच न्हाई मला."

शाळेच्या भिंतीबाहेर तो दिवसभर बसून होता. आतून घंटा वाजे, की त्याचे बैल कान टवकारत. पोरं बाहेर आली ती तिघं तीन तऱ्हेची.

"काय रं?" पंडितनं मुंजाजीला धरलं.

"पांढरी पुडी आली दादा. माज्याबी हाताला फोड, काचंची नळी धरता येईना. दोन नळ्या फुटल्या. परीक्षक माज्याकडं बगायलेत. काईच सुचंना, म्हनून पाठमोरा हून जिभंला लावली."

"मग?"

मुंजाजीनं गाल आत ओढले आणि ओठांचं गाठोडं केलं. हुबेहूब तानुबाई.

"दुप्पट मीठ!" पंडित ओरडला.

"व्हय! पन तुरटीला उर्दूत काय म्हनत्यात तेच आठवंना. तानुबाई थुकायलीय, तुमी हात जोडायलाव, समदं डोळ्यापुढं. आन् मग जब्बार धावत आला. या अल्ला, फिटकरी! तसंच लिवलं."

"या अल्ला सकट?" जब्बारनं घाबरून विचारलं.

"ते खोडलं."

जब्बारला कसलीशी निळी पुडी आली होती. ती काय आहे हे त्याला कळलं नव्हतं, पण तिच्या रंगाचं त्यानं दोन पानं वर्णन केलं होतं. परीक्षक ते वाचून हळूच "वाह" म्हणाले, असं तो सांगत होता.

"आन् तू गुरुपादा?"

"समदं येत हुतं काका," गुरुपाद म्हणाला. "चिंधी सोडली तर रगत कागदाला लागायलंतं, बांधली तर टाक धरवत न्हवता. निम्मं लिवलं." आणि तो गाडीत चढून डोळे मिटून बसला. आता मात्र काही घोकत नव्हता.

निकाल ऐन उन्हाळ्यात जब्बार सायकलवरून घेऊन आला. मुंजाजी पास. जब्बार पास. सगळं पाठ असलेला गुरुपाद नापास, फक्त कीमियात. ज्यानं शिकवलं तो राहिला आणि जे शिकले ते गेले, हे कसं, ते कोणालाच उलगडेना. पारावर यावर दोन दिवस चर्चा झाली आणि लोक पहिल्यापेक्षा जास्त गोंधळून घरी गेले.

मुंजाजीच्या पास होण्याचं जेवण घालायचं ठरलं, तेव्हा पंडित आधी तानुबाईच्या दारी गेला. ती बऱ्याच बोलण्यानंतर यायला कबूल झाली. गुरुपादलाही वडलांसकट बोलावलं. बसवंतराव घोंगडीवर मान ताठ करून बसले. रागाचा एक शब्द त्यांनी काढला नाही, म्हणून पंडितला जास्तच जड गेलं. पानं वाढली. गुरुपादनं भाकरी मोडायला हात पुढं केला तेव्हा पंडितनं बघितलं, त्या लोण्याच्या तळहातावर आता घट्टे होते.

"पुढल्या खेपेला मुंजाजीनं ह्याला शिकवावं," बसवंतराव म्हणाले.

"म्या?" मुंजाजी दचकला. "अप्पा, मला जे येतंय ते ह्याचंच हाय. ते पुन्ना ह्यालाच कसं शिकवू?"

"फोड न येऊ देता शिकव," बसवंतराव एवढंच म्हणाले.

पंडित पंगतीत उभा राहिला. त्यानं उजवा हात उंच केला, ताठलेल्या बोटांसकट.

"ऐका समदे! येत्या फरवर्दीला माजी ज्वारी रानात उबी काळी पडू दे, आभाळ कोसळू दे, पन गुरुपाद ज्वारीला हात लावनार न्हाई. त्याचे हात आता माज्या घरचे हात हायत! आन् ही जी किमया हाय, ही किमया म्हंजी..."

बसवंतरावांचा घास हातात राहिला. गुरुपादनं मान खाली घातली. पंडित पुढचा शब्द शोधत वर बघत होता.

तानुबाईनं वरणात बोट बुडवून चाखलं आणि वाटी पुढं सरकवली.

"पंडिता, अळनी झालंय बाबा. चिमूटभर मीठ दे. दुप्पट नगं, एकपटच."